कुपी पुसली होती का?

नदी रंग बदलणार, हे मला आभाळाकडे बघून कळत नाही, शेतांकडे बघून कळतं. पाऊस चांगला मुरलेला असतो, भाताची रोपं वीतभर वर आलेली असतात, आणि कर्जतच्या आजूबाजूच्या खाचरांतून एकदम सगळीकडे लावणीआधीची चिखलणी सुरू होते. पूर्वी बैल दिसायचे, आता भाड्याचे पॉवर टिलर फटफटत असतात. खाचरातलं पाणी बांधावरून ओहोळात उतरतं, ओहोळातलं उल्हास नदीत, आणि नदीतलं आमच्या केंद्राच्या विहिरीत. त्या सकाळी मी पहिल्या नमुन्याची कुपी खिडकीकडे धरतो आणि मनाशी म्हणतो, आला मोसम. यंदाही तो परवाच आला.

लोकांचे मोसम आंब्याचे असतात, लग्नाचे असतात. माझा गढूळपणाचा. कर्जतपासून थोडं आत, नदीकाठी काही गावांची मिळून एक पाणी योजना आहे. तिथल्या शुद्धीकरण केंद्रावर मी केमिस्ट आहे. तरुणपणी रसायनीला एका कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. तिथे जे मोजायचो त्याची नावंसुद्धा घरी कोणाला सांगता यायची नाहीत. इथे आल्यावर वाटलं, आता निदान बायकोला कळेल असं काहीतरी आपण मोजतो. पाणी. त्यात किती माती आहे ते. एवढं साधं काम. पण साध्या कामाला घरात मान मिळेल, हा माझा गैरसमज होता.

पावसात आमच्याकडे दोन तऱ्हांची माती येते. डोंगरावरून धुऊन येते ती लाल, जाडीभरडी. ती दिसायला भयंकर, पण स्वभावाने सरळ. तुरटी दिली की निमूट तळाला बसते. दुसरी खाचरांतली, चिखलणीची. ती राखाडी, पिठासारखी बारीक, आणि बसता बसत नाही. सहा काचेच्या भांड्यांत नदीचं पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटीचा डोस थोडा थोडा वाढवत न्यायचा, ढवळायचं आणि वाट बघायची. एखाद्या भांड्यात माती कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखी गोळा होते आणि हळूहळू खाली उतरते. तो त्या दिवसाचा डोस. इतकी वर्षं झाली, पण ते पुंजके धरताना बघायला मला अजून आवडतं. आमचा व्हॉल्व्हमन जानू मागे येऊन उभा राहतो. तो डोंगरातल्या वाडीवरून चालत येतो. नदीचं पाणी बघून म्हणतो, "साहेब, आज चाय लई कडक हाय." मी म्हणतो, "थांब, दूध घालतो."

गढूळपणा मोजायचा कशाला, हा प्रश्न मला पहिल्यांदा माझ्या सासऱ्यांनी विचारला होता. लग्नानंतरचा पहिलाच पावसाळा. त्यांचं गाव खालापूर तालुक्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. गावामागे एक झरा, त्याला दगडाची कुंडी बांधलेली. ओटीवर पान लावता लावता ते म्हणाले, "पानी गढूळ हाय का नाय, त्ये डोल्यांला दिसतं. त्याला मशीन कशाला, जावयबापू?" मी उत्साहाने सांगायला लागलो. डोळ्याला दिसतो तो फार झालेला गढूळपणा. थोडका असतो तो दिसत नाही, आणि खरा त्रास त्याचाच. मातीच्या कणाआड जंतू लपतात, क्लोरीन तिथवर पोचत नाही. म्हणून आधी माती काढायची, मग औषध. सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पानाला चुना लावला आणि म्हणाले, "आमच्या झऱ्याला नाय लागत."

तेव्हापासून तो झरा माझ्या डोक्यावर बसला आहे. कुंदा, म्हणजे माझी बायको, घरात कुठलंही पाणी प्यायली की क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "बरं आहे. पण आमच्या झऱ्याचं..." पुढचं वाक्य ती कधी पुरं करायची नाही. पुरं केलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

हेवा हा माझा जुना आजार आहे, लपवण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईची माणसं गाड्या भरभरून येतात आणि माथेरानच्या डोंगरावरून कोसळणाऱ्या धबधब्यांसमोर उभी राहून फोटो काढतात. काय ते पाणी, दुधासारखं, असं म्हणतात. तेच पाणी दुसऱ्या दिवशी माझ्या विहिरीत लाल होऊन येतं. मी ते निवळतो, गाळतो, औषध घालून टाकीत चढवतो. नळाचा फोटो काढताना मी अजून कोणाला बघितलेलं नाही. काढलाच, तर पाणी लाल आलं तेव्हा काढतात आणि गावच्या ग्रुपवर टाकतात. मला धबधब्याचा हेवा वाटतो हे मी एकदा कुंदाला बोलून गेलो. ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

धबधब्याचं एक वेळ सोडून द्या. मोरेश्वराचं काय करायचं?

मोरेश्वर कुंदाच्या गावचा. वयाने तिच्याहून लहान, नात्याने काहीच नाही, पण गावचा म्हणून तिला ताई म्हणतो आणि त्याच हिशेबाने मला दाजी. त्याने गावात बोअर मारली, फिल्टरचं मशीन बसवलं आणि गार पाण्याचे जार विकायला सुरुवात केली. टेंपोवर लिहून घेतलं, 'झऱ्याचं गोड पाणी'. पार भिसेगावपर्यंत त्याची गिऱ्हाइकं. माझी सासू गेली त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात एका सकाळी तो टेंपो आमच्या दारात उभा राहिला, आणि मोरेश्वर खांद्यावर निळा जार घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरला. ओट्याच्या कोपऱ्यात आमचा तांब्याचा हंडा असायचा. कुंदाने तो उचलून खाली ठेवला आणि म्हणाली, "इथे ठेव."

पाणी शुद्ध करणाऱ्या माणसाच्या घरात विकतचं पाणी. पोलिसाच्या घरी चोरी व्हावी तशी माझी गत झाली. केंद्रावर जानूच्या कानावर ते कसं गेलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी तो डबा खाताना अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, तुमी पानी घरून आणता का हितलंच पिता?"

मोरेश्वर दर दोन-तीन दिवसांनी यायचा. पांढरा शर्ट, केसांना तेल, दारात चपला अगदी सरळ लावून ठेवायच्या. माझी मुलगी कॉलेजसाठी पुण्याला गेली होती, घर शांत होतं. त्या शांततेत कुंदाचा आणि त्याचा बोलण्याचा आवाज मला अंगणातूनच ऐकू यायचा. चहा व्हायचा. जारातल्या पाण्याचा. तो विचारायचा, "कसं हाय गं ताई पानी?" आणि ती पेला खाली ठेवून म्हणायची, "अगदी आपल्या झऱ्याचं." हे वाक्य मात्र तिने पुरं केलं होतं. मी तिथेच बसून पेपर वाचत असायचो. एकच बातमी तीन-तीनदा वाचायचो आणि ती कसली होती ते उठताना आठवायचं नाही.

आमच्या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी फजिती त्यातून झाली. गढूळपणा मोजायचं यंत्र लहानसं असतं, दूध तापवायच्या पातेल्याएवढं. त्यात काचेची कुपी ठेवायची. एका बाजूने उजेड सोडतात. तुम्हाला वाटेल, पलीकडे किती उजेड निघाला ते मोजत असतील. तसं नाही. यंत्राचा डोळा बाजूला बसवलेला असतो, काटकोनात. पाणी निवळ असेल तर उजेड सरळ निघून जातो आणि त्या डोळ्याला अंधार दिसतो. पाण्यात कण असले तर उजेड त्यांवर आपटतो आणि बाजूला सांडतो. तो सांडलेला उजेड मोजायचा. सरळ गेलेल्या उजेडाची तिथे कोणी चौकशी करत नाही. पेपराआडून मी कुंदाकडे आणि मोरेश्वराकडे बघायचो ते थोडंफार असंच.

या यंत्राचं एक पथ्य आहे. कुपी बाहेरून लखलखीत पुसलेली हवी. बोटाचा ठसा उमटला असेल, बाहेर बाष्प धरलं असेल, तर यंत्राला तेही पाण्यातलं वाटतं आणि आकडा वर जातो. केंद्रावर शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे इतक्यांदा ऐकवलं आहे की घरीसुद्धा त्याची म्हण झाली. दूध नासलं, कुकर नीट लागला नाही, मुलीला गणितात कमी मार्क पडले, की मायलेकी एकमेकींकडे बघून विचारायच्या, "कुपी पुसली होती का?"

तर त्या पावसाळ्यात, चिखलणीच्या ऐन भरात, एका सकाळी मोरेश्वर जार ठेवून गेला आणि कुंदा कपडे वाळत घालायला मागे गेली. मी खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली काढली आणि जारातलं पाणी भरून घेतलं.  केंद्रावर पोचलो तो सरळ यंत्रापाशी. पाणी कुपीत ओतलं, झाकण लावलं, बटण दाबलं. आकडा बघितला आणि मला इतका आनंद झाला की जानूला हाक मारून दाखवला. आमच्या नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. झऱ्याचं गोड पाणी!

घरी येऊन हातपाय न धुता कुंदाला सांगितलं. यंत्र काय म्हणालं, नियम काय म्हणतो, मी काय म्हणतो. ती गवार मोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "जार तर गार होता सकाळी. कुपी पुसली होती का?"

दमट हवेत गार पाण्याच्या कुपीला बाहेरून बाष्प धरणार, हे मीच सगळ्या जगाला सांगतो. त्या दिवशी माझ्या हाताला फडकं आठवलंच नव्हतं. शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली भरली. या वेळी पाणी आधी कोमट होऊ दिलं, कुपी मऊ फडक्याने पुसली, पुन्हा पुसली. आकडा खाली आला. चांगला होता. अगदी आमच्या नळाच्या पाण्याइतका चांगला. माझं तोंड कडू झालं. मग मला नादच लागला. जार आला की बाटली, बाटली की कुपी. माणूस शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावतो तसा मी त्या यंत्रापाशी बसायचो. आणि हळूहळू एक गंमत ध्यानात यायला लागली. आमच्याकडे पाणी जरा बरं निघालं की पुढचा जारही बरा निघायचा. एका दिवशी वीज गेल्यामुळे आमची वाळूची गाळणी वेळेवर धुतली गेली नाही, आकडा थोडा चढला. पाठोपाठ आलेला जारही तेवढाच चढला. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी त्या पाण्यात क्लोरीन बघायच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी छान पिवळं झालं. झऱ्यात कोणी क्लोरीन टाकत नाही, आणि बोअरमध्येही नाही.

ते माझं पाणी होतं.

मोरेश्वराला मी नाक्यावर गाठला. टेंपोला टेकून तो वडापाव खात होता. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण तो अगदी सरळ म्हणाला, "दाजी, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? बोअरला लाल पानी लागलंय, त्यात लाइटीनं मशीन जललं. मामेभावाकडं तुमच्या योजनेचा नळ हाय, थितनं भरतो, फ्रीजरला लावतो. पानी तुमचंच हाय."

"म्हणजे माझं पाणी माझ्याच घरात विकतोस?"

"घरपोच देतो ना, दाजी." मग वडापावचा कागद चुरगाळत जरा हळू म्हणाला, "मशीन दुरुस्त झालं की परत आपलं सुरू करीन. तवर ताईला नका सांगू. तिला वाटतं गावचं पानी येतंय."

पुढचे काही दिवस मी जे भोगलं त्याला काय म्हणायचं मला अजून कळलेलं नाही. कुंदा जारातून पेला भरायची, चवीने प्यायची, आणि मी समोर बसून बघायचो. माझ्या हातचं पाणी. माझी तुरटी, माझी वाळू, माझं क्लोरीन. नळातून आलं की फक्त भांडी घासायला. निळ्या जारातून, मोरेश्वराच्या खांद्यावरून आलं की आपल्या झऱ्याचं. धबधब्याचा हेवा केला, झऱ्याचा केला, मोरेश्वराचा तर केलाच. आता माझ्याच पाण्याचा हेवा करायची पाळी आली. दुसऱ्या नवऱ्याच्या घरात सुखाने नांदणारी आपली बायको खिडकीतून बघावी, तसं वाटायचं. सांगावं तर तिचं गाव तिच्या पेल्यातून काढून घेतल्यासारखं होईल. न सांगावं तर मोरेश्वर जिंकला.

माझ्याने राहवलं नाही. एका दुपारी पाऊस उघडला होता, ती अंगणात पापडाचा डबा उन्हाला धरत होती. मी म्हणालो, "तो जार झऱ्याचा नाही. बोअरचाही नाही. आमच्या नळाचं पाणी आहे ते."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं? मोरेश्वराने?"

"तो कशाला सांगेल? पहिल्याच पेल्याला वास आला. तुमच्या शर्टाला येतो तोच. इतकी वर्षं धुतेय मी ते शर्ट."

आतून कुठेतरी बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याला मी एकदम हात लावत नव्हतो. ओळखून, समजून ती माझंच पाणी पीत होती. पण मग लगेच दुसरं टोचलं. "मग त्याला दर वेळी अगदी आपल्या झऱ्याचं म्हणायचीस ते?"

"मग काय तोंडावर म्हणू, लबाड आहेस? कर्ज काढून मशीन आणलं त्याने."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही केवढा तमाशा केला असता." तिने डबा फिरवून दुसरी बाजू उन्हाकडे केली.

"मग जार बंद कर. नळाचं पी की सरळ. तेच पाणी आहे, मोजून सांगतो तुला."

ती माझ्याकडे बघायला लागली. रागाने नाही; लहान मुलाला समजावताना बघतात तसं. म्हणाली, "बाबा आधीच गेले, मग आई गेली, घराला कुलूप लागलं. दादा तिकडे ठाण्याला. आता मी गावाला जायचं कोणाकडे? मोरेश्वर येतो तेव्हा कळतं. कोणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे, आमच्या दारातला फणस यंदा लागला की नाही. ते येतं का तुमच्या नळातून?"

नळातून ते येत नाही. मी रोज मोजतो, मला माहीत आहे.

त्याला आता दोन पावसाळे झाले. मोरेश्वराचं मशीन दुरुस्त झालं, जार पुन्हा बोअरचा येतो. क्लोरीनचे थेंब टाकले तर पिवळं होत नाही. हो, अजून टाकतो कधीकधी. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. तो आमच्या राखाडी मातीसारखा आहे, बारीक, बसता बसत नाही. टेंपोचा हॉर्न वाजला की कुंदा ओला हात पदराला पुसत दाराकडे निघते, आणि माझी नजर पेपरातून आपोआप बाजूला सांडते.

परवा नदीने रंग बदलला आणि काल मी एक काम केलं. खालापूरकडे जाणाऱ्या एका पाहुण्याच्या गाडीत बसलो आणि सासुरवाडीला उतरलो. जावई एकटा कशाला आला म्हणून चार माणसं ओट्यांवरून बघत राहिली. मी घरोघर गेलो, चहा घेतला, एखाद्या वार्ताहरासारख्या बातम्या गोळा केल्या. कुलूप लावलेल्या घराच्या दारातला फणस बघितला. मग मागे झऱ्यावर गेलो. कुंडीत वरून ओहोळाचं पाणी येऊन मिसळत होतं, आणि सासऱ्यांचा तो झरा, ज्याला मशीन लागत नव्हतं, तो आमच्या नदीपेक्षा लाल झाला होता. खोटं सांगत नाही, मला गुदगुल्या झाल्या. नमुन्याची बाटली बरोबरच होती. काठोकाठ भरून घेतली.

घरी येऊन आधी बातम्या सांगितल्या. म्हात्रेकाकांची म्हैस व्यायली. "हो, रेडी झाली," कुंदा म्हणाली, "मोरेश्वर सांगत होता." सरपंचांच्या नातीचं जमलं. "पेणचा मुलगा." तेही झालं होतं. फणसाचं म्हणालो, तर फांदी कुठली मोडली तेसुद्धा तिला ठाऊक. सगळं माझ्या आधी पोचलेलं. शेवटी मी पिशवीतून बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि म्हणालो, "हे बघ तुमच्या झऱ्याचं पाणी." माझ्या आवाजात जिंकल्याचा सूर होता, तो मला स्वतःलाच ऐकू आला.

तिने बाटली उचलली. खिडकीपाशी नेऊन उजेडाकडे धरली, मी रोज धरतो तशीच. लाल पाणी हळूहळू हललं. मग तिने पदराच्या टोकाने बाटली बाहेरून पुसली, सगळीकडून, नीट, आणि खिडकीच्या कट्ट्यावर उभी केली.

"उद्या घेऊन जातो," मी म्हणालो. "मोजून आणतो."

"ही मोजायची नाही," ती म्हणाली.

आज सकाळी मोरेश्वर येऊन गेला. जार ठेवला, चहा घेतला. खिडकीतल्या बाटलीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "ह्ये काय गं ताई, गढूळ पानी कशाला ठेवलंय?" तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्याला म्हणाली, "यांनी आणलंय." पुढे काही सांगितलं नाही. तो गेल्यावर मी पेपर खाली ठेवला आणि खिडकीशी गेलो. रात्रीतून तळाला बोटभर लाल माती बसली होती आणि वरचं पाणी निवळायला लागलं होतं. इतके पावसाळे तो येतोय, एवढे जार आणले, पण खुद्द झऱ्यावरून एक बाटली भरून आणायचं त्याला कधी सुचलं नाही.